दाढीचं तेल : चार थेंबांचा हिशोब

प्रस्तावना

ही पुस्तिका ज्याच्यासाठी लिहिली आहे तो तरुण पुण्यात कुठंही भेटतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, हिंजवडीत पहिल्या नोकरीला लागलेला, गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणारा, दिवसभर दुचाकीवरून घरोघरी पार्सलं पोचवणारा. त्यानं दाढी राखली आहे, ती नीट दिसावी असं त्याला मनापासून वाटतं, आणि या हौशीसाठी महिन्याच्या खर्चातून फार पैसे काढणं त्याला परवडत नाही. दुकानात किंवा मोबाइलवर तो दाढीचं तेल शोधायला लागतो तेव्हा शंभराच्या आतल्या बाटलीपासून हजाराच्या घरातल्या बाटलीपर्यंत सगळं त्याच्यापुढं मांडलेलं असतं. त्या बाटल्यांमधला फरक मात्र त्याला कुणी सांगत नाही. तो सांगावा म्हणून हा खटाटोप.

विषय किरकोळ आहे असं म्हणणारे भेटतील. मला तसं वाटत नाही. स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या शरीरासाठी घेतलेल्या पहिल्या काही वस्तूंमध्ये आज या तेलाचा नंबर लागतो, आणि ती वस्तू कशी पारखायची हे घरात शिकवणारं कुणी नसतं. वडिलांच्या पिढीनं रोज सकाळी आरशासमोर उभं राहून दाढी केली. ब्रश, क्रीम, ब्लेड, शेवटी तुरटीचा खडा, हे सगळं मुलाला नुसतं बघून येतं. राखलेल्या दाढीचं काय करायचं हे त्याला बघायला मिळालेलं नसतं. शिवाजी महाराजांची दाढी घराघरांतल्या तसबिरीत होती, महर्षी कर्व्यांची पांढरी दाढी शाळेच्या पुस्तकात होती. प्रत्यक्ष घरात दाढी वाढायची ती श्रावणात, सुतकात किंवा आजारपणात, आणि कारण संपलं की उतरायची. चार आठवड्यांच्या दाढीला निगा लागत नाही. चार महिन्यांच्या दाढीला लागते.

पुण्यात पिढ्यानपिढ्या दाढी सांभाळणारी घरंही होती. कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात जाणारी शीख कुटुंबं, मोमीनपुऱ्यातले आणि पूर्वेकडच्या पेठांमधले मुस्लिम बुजुर्ग यांच्याकडे हे ज्ञान रोजच्या सवयीत मुरलेलं आहे. आंघोळ झाली की ओलसर दाढीला बोटभर तेल, मग लाकडी कंगवा, आणि अत्तर लावायचंच तर मद्यार्क नसलेलं. यासाठी त्यांना कुठल्या खास बाटलीची गरज पडली नाही. आज एखादा तरुण या विषयात काही शिकू पाहत असेल तर जाहिरातीआधी त्यानं अशा एखाद्या आजोबांना विचारावं, असं मी अगदी गंभीरपणे सुचवतो.

बाजारात ‘दाढीचं तेल’ म्हणून वेगळी बाटली आली ती साधारण २०१५च्या आसपास, दाढीच्या निगेचे देशी ब्रँड निघाले तेव्हा. अहमदाबादचा बिअर्डो त्यांतला एक. मुंबईच्या मॅरिको कंपनीनं २०१७ मध्ये त्यात ४५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये उरलेलाही घेतला. ही मॅरिको म्हणजे पॅराशूट खोबरेलवाली. निळ्या बाटलीतलं खोबरेल आणि छोट्या बाटलीतलं दाढीचं तेल आता एकाच घरातून निघतं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मिलिलिटरला किती पैसे पडतात ते काढून बघितलं की कंपन्यांना या छोट्या बाटलीत एवढा रस का, हे वेगळं सांगावं लागत नाही. यात गैर काही नाही. वास, हलकेपणा, ड्रॉपर, सुबक खोका यांचे पैसे घ्यायला हरकत नाही. घेणाऱ्याला मात्र आपण कशाचे पैसे देतोय हे कळलं पाहिजे.

आता तेल करतं काय ते पाहू. दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते आणि तिच्यातून येणारा सीबम नावाचा स्निग्ध स्राव केसाला आणि त्वचेला मऊ ठेवतो. दाढी अर्ध्या बोटाची असते तोवर हा स्राव पुरतो. केस लांबत जातो तसा तो टोकापर्यंत पोचत नाही, आणि अंगाच्या साबणानं दिवसातून दोन-तीनदा तोंड धुतलं की जो पोचलेला असतो तोही जातो. केस कोरडा पडतो, खाली त्वचा ताणल्यासारखी होते, पांढुरका भुसा पडायला लागतो. दाढी वाढवायला घेतल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खाज सुटते, तिचं कारण थोडं वेगळं आहे. ट्रिमर किंवा ब्लेडनं कापलेल्या खुंटांची टोकं धारदार असतात आणि ती शेजारच्या त्वचेला टोचतात. तेलाचा पातळ थर या सगळ्यावर दोन गोष्टी करतो : घर्षण कमी करतो आणि त्वचेतलं, केसातलं पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतो. तेलात स्वतःचं पाणी नसतं, ते असलेलं पाणी अडवतं. म्हणून कोरड्या दाढीला तेल चोपडण्यात अर्थ नाही. तोंड धुऊन, टॉवेलनं टिपून, दाढी दमट असतानाच ते लावायचं, आणि केसांवरून हात फिरवून न थांबता बोटांची टोकं खालच्या त्वचेपर्यंत न्यायची.

काम एवढंच. ते छोटं आहे, पण खरं आहे. हे काम करायला महाग तेल लागत नाही हे या पुस्तिकेचं मुख्य म्हणणं, आणि पुढची प्रकरणं त्याच म्हणण्याचा तपशील आहेत.

तेलानं दाढी वाढते का, या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकतो, कारण सगळ्यात जास्त पैसे याच आशेवर जातात. नाही वाढत. दाढी किती दाट येणार, गालावर येणार की हनुवटीवरच, हे आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरकं ठरवतात. विशीच्या सुरुवातीला विरळ असलेली दाढी तिशीपर्यंत आपोआप भरत जाते असं पुष्कळांच्या बाबतीत होतं, आणि त्या काळात जी बाटली हाताशी असेल तिला त्याचं श्रेय मिळतं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रोलंड नावाच्या न्हाव्याचं ‘मॅकॅसर ऑइल’ केसांच्या वाढीच्या अशाच वचनावर खूप गाजलं. लोक ते इतकं चोपडत की खुर्चीच्या पाठीवर डाग पडू नयेत म्हणून घालायच्या कापडाला इंग्रजीत त्या तेलावरूनच नाव पडलं. दाढीच्या केसांवर परिणाम दिसलेलं एक औषध आहे, मिनॉक्सिडिल. थायलंडमध्ये ४८ पुरुषांवर १६ आठवडे तीन टक्के मिनॉक्सिडिल लोशन वापरून झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सौम्य पण मोजता येणारा फरक दिसला. पण ते औषध आहे. त्यानं त्वचा चुरचुरू शकते, छातीत धडधडू शकतं, आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ते विष आहे. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. ‘ग्रोथ ऑइल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली बाटली औषधात मोडत नाही.

दाढीच्या बहुतेक तेलांत सगळ्यात मोठा भाग असतो तो काही मूळ तेलांचा. बाकी वास आणि नाव. म्हणून मूळ तेलं ओळखता आली की निम्मी पारख झाली.

खोबरेलापासून सुरुवात करू. २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’ या नियतकालिकात आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा एक अभ्यास छापून आला. खनिज तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल या तिघांची तुलना त्यांनी केली. धुण्या-विंचरण्यात केसातून जे प्रथिन निघून जातं ते लक्षणीय कमी केलं फक्त खोबरेलानं. खोबरेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा रेणू सरळ आणि लहान असल्यामुळं तो केसाच्या आत शिरतो. हे दोघे संशोधक मॅरिकोच्याच संशोधन विभागातले होते हे वाचकानं ध्यानात ठेवावं, आणि प्रयोग डोक्यावरच्या केसांवर होता हेही. तरी निष्कर्ष उपयोगाचा आहे. खोबरेलाच्या दोन अडचणी आहेत. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी बाटली पालथी धरली तरी थेंब पडत नाही, कारण साधारण २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं. आणि ज्यांच्या चेहऱ्यावर मुरमं येतात त्यांची छिद्रं खोबरेलानं आणखी बुजू शकतात. त्यांनी ते टाळावं.

तिळाचं तेल आयुर्वेदिक तेलांचा पाया. दिवाळीत अभ्यंगाला जे लावतो त्यातही बहुधा तेच असतं. ते खोबरेलासारखं गोठत नाही, त्वचेला पोषक लागतं. लाकडी घाण्याचं असेल तर वास उग्र असतो आणि तो दिवसभर नाकाखाली राहतो. ज्यांना हा वास आवडतो त्यांच्यासाठी याहून स्वस्त आणि चांगलं तेल नाही. गोड बदामाचं तेल हलकं, जवळजवळ बिनवासाचं, लवकर पसरणारं. रोजच्या वापरासाठी माझी पहिली पसंती यालाच आहे. सुक्यामेव्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र यापासून लांब राहावं. एरंडेल फार दाट. नुसतं लावलं तर दाढी चिकट होते आणि रस्त्यावरची सगळी धूळ तिला येऊन बसते. दुसऱ्या तेलात थोडंसं मिसळलं तर वळवळणारे केस जागेवर बसवण्याचं काम छान करतं. एरंडेलानं दाढी दाट होते ही समजूत घरोघर आहे, तिला आधार नाही.

आता परदेशी नावं. जोजोबा हे खरं तर तेल नाहीच, ते पातळ मेण आहे. त्याची रचना आपल्या सीबमच्या बरीच जवळची, आणि ते सहसा खवट होत नाही. राजस्थानात त्याची लागवड होते. थोडे जास्त पैसे देण्यासारखं काही असेल तर ते हे. आर्गन मोरोक्कोचं. तिथल्या बायका आर्गनच्या बिया दगडांमध्ये फोडून आतला गर काढतात, तो पिळून तेल निघतं; या परंपरेची नोंद युनेस्कोनं २०१४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. एवढ्या कष्टाचं तेल महाग असणारच. म्हणूनच दीडशे रुपयांच्या बाटलीवर ‘आर्गन’ मोठ्या अक्षरांत दिसलं तर आत त्याचे किती थेंब असतील याचा अंदाज कुणालाही करता येईल.

आणि एक नाव वाचून लोक उगाच घाबरतात : लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजेच मिनरल ऑइल. शुद्ध केलेलं खनिज तेल त्वचेला विषारी नाही, खवट होत नाही, पाणी अडवण्याचं काम चोख करतं, लहान बाळांच्या मालिशच्या तेलांतही ते असतं. बदामाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या केसांच्या कित्येक तेलांत खरा पाया तोच असतो. माझी तक्रार त्याच्या असण्याबद्दल नाही, किमतीबद्दल आहे. खनिज तेल बदामाच्या किंवा आर्गनच्या दरानं घेऊ नये.

समजा आता बाटली हातात आहे. पुढची बाजू सोडून द्या, ती सजावट आहे. बाटली किंवा खोका उलटा करा. सर्वांत आधी एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत ‘युनिट सेल प्राइस’ शोधा. पॅकबंद मालावर हा दर छापणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी बंधनकारक केलं आहे. एक लिटरपेक्षा कमी द्रव असेल तर तो मिलिलिटरमागे लिहिलेला असतो. तीस मिलिलिटरची दोनशे सत्तर रुपयांची बाटली आणि पन्नासची साडेतीनशेची बाटली यांतली स्वस्त कुठली हे डोक्यात काढायची गरज नाही. एकीवर नऊ रुपये आणि दुसरीवर सात रुपये असं छापलेलं मिळेल. मग घटकांची यादी. सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमानं. यादीतली पहिली दोन-तीन नावं म्हणजे तुम्ही घेतलेलं तेल. बाकी शेपूट. ही नावं लॅटिन असतात, पण पाच-सहा पाठ केली की काम भागतं : कोकोस न्यूसिफेरा म्हणजे खोबरेल, सेसॅमम इंडिकम म्हणजे तीळ, प्रूनस अमिग्डॅलस डल्सिस म्हणजे बदाम, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, सिमोन्डसिया चायनेन्सिस म्हणजे जोजोबा, अर्गानिया स्पिनोझा म्हणजे आर्गन. पॅराफिनम लिक्विडम म्हणजे खनिज तेल. टोकोफेरॉल दिसलं तर ते जीवनसत्त्व ई. ते तेल लवकर खवट होऊ देत नाही. ‘पर्फ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ म्हणजे वास, आणि चेहऱ्याला काही झालं तर पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा.

इथं एक मेख आहे. साठ मिलिलिटरच्या आतल्या द्रवाच्या पॅकला घटकांची ही यादी छापण्यातून सूट आहे, आणि दाढीच्या तेलाच्या बहुतेक बाटल्या तीस ते पन्नास मिलिलिटरच्या असतात. चांगले उत्पादक तरीही यादी छापतात. ज्या बाटलीवर, खोक्यावर कुठंच यादी नाही ती घेऊ नका. कायद्यानं उत्पादकाला सूट दिली असेल, तुम्ही देऊ नका. तेल आयुर्वेदिक परवान्यावर बनलेलं असेल तर लेबल वेगळं दिसतं. तिथं अमुक इतक्या मिलिलिटरमध्ये माका इतका, जटामांसी इतकी असं वजनासकट लिहिलेलं असतं, आणि शेवटी मूळ तेलाचं नाव. हे लेबल मला जास्त आवडतं, कारण माक्याचं चित्र बाटलीभर आणि माका चिमूटभर हे त्यात लपत नाही.

तेल तेच, नाव आणि कर वेगळे, असा एक वाद न्यायालयातही गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शुद्ध खोबरेल लहान पॅकमध्ये आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही; केसांसाठी म्हणून त्यावर लिहिलेलं नसेल तर ते खाद्यतेलच. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरचा जीएसटीही १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाच्या दृष्टीनं यातून घ्यायचं ते इतकंच की लेबल बदललं म्हणून आतला पदार्थ बदलत नाही, आणि केसांच्या साध्या तेलाचा पर्याय आता आधीपेक्षा परवडणारा आहे.

रोजच्या खर्चाचा हिशोब पुष्कळांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघतो. मध्यम दाढीला सकाळी चार थेंब पुरतात. चार थेंब म्हणजे साधारण ०.२ मिलिलिटर. या हिशोबानं तीस मिलिलिटरची बाटली १५० दिवस चालते. तीनशे रुपयांची बाटली घेतली तरी दिवसाला दोन रुपये. दाढी छातीपर्यंत असेल आणि अर्धा मिलिलिटर लागत असेल तर दोन महिने. महागात पडतं ते दुसरंच : जास्त तेल लावणं आणि मोठी बाटली घेणं. शंभर मिलिलिटरची बाटली मिलिलिटरमागे स्वस्त असते, पण चार थेंबांच्या वापरानं ती सोळा महिने पुरेल. उघडलेलं बदामाचं किंवा तिळाचं तेल पुण्याच्या दोन उन्हाळ्यांत खिडकीजवळच्या फळीवर राहिलं तर खवट होणारच, आणि खवट तेल चेहऱ्याला लावायचं नसतं. म्हणून इथं छोटी बाटलीच खरी स्वस्त. दोन मित्रांनी मिळून मोठी घेतली तर गोष्ट वेगळी.

ज्याला याहून कमी खर्च करायचा आहे त्याच्यासाठी एक पूर्ण प्रकरण घरी तेल करण्यावर आहे. त्याचं सार इथं देतो. तीस मिलिलिटरची गडद काचेची ड्रॉपरची बाटली, तीत वीस मिलिलिटर गोड बदामाचं किंवा तिळाचं तेल, आठ मिलिलिटर जोजोबा, दोन मिलिलिटर एरंडेल. जोजोबा परवडत नसेल तर उन्हाळ्यात त्याजागी खोबरेल चालेल, थंडीत बदामच वाढवा. बाटली धुऊन पूर्ण कोरडी केलेली हवी. पाण्याचा अंश राहिला तर तेल लवकर बिघडतं. वास हवाच असेल तर सुगंधी अर्काचे पाच-सहा थेंब, त्यावर एकही नाही. लिंबू आणि बर्गमोटसारखे अर्क टाळा, ते लावून उन्हात गेलं तर काहींच्या त्वचेवर काळे डाग पडतात. मंडईच्या आसपासची काष्ठौषधीची दुकानं, रविवार पेठेतली बोहरी आळी आणि आता उपनगरांतही निघालेले लाकडी घाणे यांमध्ये हे सगळं मिळतं. सुटं तेल घेताना झाकण उघडून वास घ्या. ताज्या तेलाला बीचा वास येतो. रंगकामाच्या डब्यासारखा वास आला तर दर कितीही कमी असो, परत ठेवा.

पुण्याचं म्हणून जे वेगळं आहे त्याचाही विचार करायला हवा. जुन्या पेठांमध्ये खडकवासल्याचं पाणी नळाला येतं. शहराच्या कडेला वाढलेल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर आणि बोअरवेलवर चालतात, आणि ते पाणी बहुधा जड असतं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून जो राखट चिकट थर तयार करतात तो बादलीवर दिसतो तसाच दाढीवरही बसतो. त्यावर तेल लावलं की दाढी आणखी जड आणि मळकट वाटते, आणि माणूस तेल बदलत राहतो. तेल बदलून उपयोग नाही, साबण बदला. दाढीला सौम्य शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा, इतर दिवशी नुसतं पाणी, आणि शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा. दुचाकीवर रोज तास-दीड तास काढणाऱ्यांनी सकाळी तेल कमी आणि रात्री तोंड धुऊन झाल्यावर थोडं जास्त लावावं. हेल्मेटच्या पट्ट्याखाली तेल, घाम आणि धूळ एकत्र आली की हनुवटीखाली पुटकुळ्या उठतात. जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की कित्येकांना एक-दोन थेंब पुरतात.

एका बाबतीत तेल अजिबात उपयोगाचं नाही आणि ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. भुसा कोरडेपणाचा असेल तर तेलानं आठवड्याभरात कमी होतो. पण तो पिवळसर, तेलकट असेल, खाली लाली असेल, भुवया आणि नाकाच्या कडांनाही तसंच होत असेल, तर तो कोंड्याचाच प्रकार आहे. त्वचेवर राहणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी त्यामागं असते आणि बहुतेक वनस्पती तेलांतली मेदाम्लं हे तिचं खाद्य आहे. तेल लावत राहणं म्हणजे तिला पोसणं. तिथं तेल बंद करून डॉक्टरांना विचारून कीटोकोनॅझोलचा शाम्पू घ्यावा लागतो. गोल चट्टा पडून कडेनं पसरत असेल तर तो नायटा असू शकतो. त्यावर औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चोळू नका. दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर तो दुप्पट पसरतो. खासगी त्वचारोगतज्ज्ञाची फी परवडत नसेल तर ससून रुग्णालयाचा त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढून रांगेत उभं राहावं लागतं, पण सल्ला तज्ज्ञाचा मिळतो.

सलूनमधल्या कारागिरांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. दिवसभर वेगवेगळ्या दाढ्या हाताखालून जाणाऱ्या माणसाला तेलाची जाण असते. दाढी कोरून झाल्यावर तो तळहातावर दोन-तीन थेंब घेतो, हात एकमेकांवर घासून तेल पसरवतो, आधी गळ्याकडून वर आणि मग गालावरून खाली हात फिरवतो, शेवटी कंगवा. ही क्रिया नीट बघून घ्या. अर्धी विद्या तिथं आहे. सलूनवाले हल्ली बाटल्याही विकतात, त्यात वावगं काही नाही, पण कौशल्य त्यांच्याकडून घ्या आणि दर बाटलीवरून.

पुणं हे ग्राहक चळवळीचंही गाव आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये इथं ग्राहक पंचायत सुरू केली ती सामान्य माणसानं वस्तू घेताना वजन, दर आणि दर्जा विचारावा म्हणून. किराण्याच्या बाबतीत ही सवय आपल्या घरांत मुरली. अंगाला लावायच्या वस्तूंच्या बाबतीत, विशेषतः तरुण मुलांत, ती अजून यायची आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, बॅच नंबर किंवा उत्पादकाचा पत्ता नसलेली बाटली गळ्यात मारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथं तक्रार नोंदवताना बिल हाताशी असलेलं बरं, म्हणून दीडशे रुपयांच्या तेलाचंही बिल मागून घ्या.

पुढची प्रकरणं क्रमानं वाचलीच पाहिजेत असं नाही. ज्याला खाज सुटली आहे त्यानं थेट त्वचेच्या प्रकरणाकडे जावं, ज्याला आजच बाटली घ्यायची आहे त्यानं लेबलाच्या. कुठलंही तेल घेतलं तरी पहिली बाटली तीस मिलिलिटरचीच घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबा, आणि काही झालं नाही तरच ते चेहऱ्याला लावा.